गोड ज्वारी डोक्याच्या वर वाढते, पण ब्रिक्स बाराच्या वर सरकत नाही : खताचं काय चुकतं?

तक्रार दर हंगामाला तीच. ताट दहा फुटांचं, बुडाशी अंगठ्यापेक्षा जाड, पानं काळीभोर हिरवी. रस्त्याने जाणारा गाडी थांबवून विचारतो, "भाऊ, बियाणं कोणतं?" मग एका संध्याकाळी वारा सुटतो, अर्धं रान आडवं होतं. उरलेल्या अर्ध्यात कारखान्याचा माणूस येऊन ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, बघतो, तर अकरा. फार तर बारा.

मी चोपडा तालुक्यात तापीकाठी शेती करतो. जैवइंधनासाठी, म्हणजे ताटाच्या रसापासून इथेनॉल करायला, गोड ज्वारी घ्यायला लागून चार हंगाम झाले आणि त्यातल्या पहिल्या दोन हंगामांत मीही याच खड्ड्यात पडलो. आता ओळखीतले लोक फोटो पाठवून विचारतात. फोटोत पीक इतकं देखणं असतं की दोष दाखवताना जीभ अडखळते.

खान्देशात ज्वारी म्हणजे दादर. पावसाळा सरला की काळ्या रानात ओलीवर पेरायची आणि खत? दादरला खत कोण देतं! ही एक सवय. दुसरी सवय केळीची. रावेर, यावल, चोपड्याकडे ठिबकच्या टाकीत दर आठवड्याला काही ना काही सोडल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. गोड ज्वारी आली की एकतर दादरवाला हात कामाला लागतो, नाहीतर केळीवाला. माझा केळीवाला होता. बहुतेकांचा तोच असतो.

आधी मोजणी तपासा

ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं शेकडा प्रमाण. त्यात मोठा वाटा साखरेचा, पण सगळीच साखर नव्हे. बांधाकडचं एक ताट मोडून, वरच्या कांडीचा थेंब टाकून "अकरा आला" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना सांगतो, रानात आत जा, वेगवेगळ्या ओळींतली आठ-दहा ताटं घ्या, प्रत्येकाच्या मधल्या कांड्यांचा रस एकत्र करा आणि मग बघा. ब्रिक्स मोजायचा मीटर आधी साध्या पाण्यावर शून्याला येतो का तेही पाहा. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल किंवा पाणी भरलं असेल, तर तीन-चार दिवस थांबा.

दुसरी गोष्ट वेळेची. साखर ताटात खरी साठते ती फुलोऱ्यानंतर. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला, आणि गोडीही साधारण त्याच सुमारास भरात असते. फुलोऱ्यापासून तिथवर पस्तीस ते चाळीस दिवस लागतात. दाणा चिकात असताना ब्रिक्स बघून खताला शिव्या देण्यात अर्थ नाही. तोडणीच्या आधी दहा-बारा दिवस मी पाणी बंद ठेवतो. काळ्या रानात तेवढी ओल पुरते.

तोडलेली ताटं ट्रॉलीत दोन दिवस उभी राहिली तर काय होतं, हेही एकदा पाहून ठेवा. मीटरवर आकडा उलट वाढलेला दिसतो, कारण ताटातलं पाणी उडतं. साखर मात्र जंतू खाऊन टाकतात आणि वजनही घटतं. म्हणून तोडल्यापासून चोवीस तासांत गाळप झालं पाहिजे. ऑक्टोबरच्या उन्हात तर त्याहूनही लवकर.

एवढं सगळं ठीक असेल आणि तरीही आकडा बाराच असेल, तर मग खताकडे वळू.

आडवं पडलेलं ताट बुडाशी चिरून बघा

हे कोणी करत नाही आणि निम्मं उत्तर इथेच असतं. जमिनीलगतची कांडी उभी चिरा. आत भेंड सुकून नुसते धागे उरलेत, त्यावर काळी बारीक पूड दिसतेय आणि ताट हलवलं की पोकळ वाजतं, तर तो खडखड्या. दाणा भरताना पाण्याचा ताण, त्यात दाट पेरणी आणि वारेमाप नत्र (नायट्रोजन), असं जमून आलं की हा रोग जोर धरतो.

आत सगळं हिरवं, रसरशीत, नुसती खालची लांब कांडी वाकलेली असेल, तर ते सरळसरळ युरियाचं आणि दाटीचं काम. ताट मुळासकट उपटून पडलं असेल, तर भिजलेली माती आणि वारा. त्याला खत काय करणार?

माझा पहिला हंगाम, हिशेबासकट

पेरताना एकरी एक गोणी अठरा-सेहेचाळीस, म्हणजे डीएपी. वीस दिवसांनी एक गोणी युरिया. जुलैत झड लागली, पीक पिवळं पडलं, म्हणून चाळिसाव्या दिवशी दुसरी गोणी. पुढे पीक पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात, आलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "नाना, आता खरं तर जोर लागतो बघा," म्हणून तिसरी गोणी ठिबकमधून. पोटॅश शून्य. आपली काळी जमीन, पोटॅश कशाला?

अठरा-सेहेचाळीसच्या ५० किलोत नत्र ९ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र ४६ टक्के, म्हणजे पावणेएकवीस किलो. तीन गोण्यांचं ६२. एकूण ७१ किलो एकरी, हेक्टरी पावणेदोनशे. गोड ज्वारीची शिफारस हेक्टरी ८० ते १०० किलो नत्र, ४० ते ५० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि तेवढंच पालाश (पोटॅशमधून मिळतं ते) अशी आहे. म्हणजे नत्र जवळपास दुप्पट आणि पालाश नाहीच.

त्यातही एकूण आकड्यापेक्षा ती तिसरी गोणी जास्त नडली. पोटरीच्या वेळी नत्र मिळालं की झाड म्हाताऱ्याचं तरुण व्हायला बघतं. पानं हिरवी राहतात, बुडाला नवे फुटवे निघतात आणि जी साखर कांडीत साठायची तीच नवी पानं, नवी प्रथिनं घडवायला खर्च होते. कांड्या लांबतात, पण भिंती पातळ राहतात. पक्वता लांबते. कारखान्याने तोडणीची तारीख दिली तेव्हा माझी ज्वारी अजून वाढायच्याच नादात होती. उशिरा आलेल्या फुटव्यांचा कच्चा रस मोळीत मिसळला की आकडा आणखी खाली येतो, ते वेगळंच.

आता दुसऱ्या गोणीचं. झडीत पीक पिवळं का पडलं होतं? काळ्या रानात पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, मुळं काम थांबवतात. जमिनीत नत्र असलं तरी झाड ते उचलत नाही. अशा वेळी चर काढून पाणी बाहेर काढायचं, वाफसा आला की कोळपं फिरवायचं. आठवड्यात रंग परततो. आपण मात्र चिखलावर युरिया फेकतो. आमच्या पट्ट्यातल्या चुनखडीच्या जमिनींचा सामू (पीएच) आठच्या वर. अशा जमिनीच्या ओल्या पृष्ठावर युरिया उघडा पडला की त्यातलं बरंच नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. मग "खत लागलंच नाही" म्हणून आणखी एक गोणी. ही साखळी मी स्वतः पूर्ण केलेली आहे.

पिवळेपणा कुठून सुरू झाला?

खालच्या जुन्या पानांचं टोक पिवळं आणि तिथून मधल्या शिरेने आत इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा पट्टा उतरत असेल, तर नत्राची भूक. खालच्याच पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी, मध्य हिरवा, तर पालाश. रोपं लहान असताना जांभळट दिसत असतील तर स्फुरद. थंडीत पेरलेल्या ज्वारीत हे जास्त दिसतं आणि ऊन वाढलं की पुष्कळदा आपोआप कमी होतं.

वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, रेघारेघांची, तर लोह. नव्या पानाच्या बुडाकडे, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना रुंद फिकट पांढुरके पट्टे, तर जस्त. हे दोन्ही आमच्याकडे चुनखडीच्या पट्ट्यांत हमखास दिसतं. जमिनीत लोह-जस्त नसतं असं नाही, ते मुळांना घेता येईल अशा रूपात नसतं. वरची पानं पिवळी असताना युरिया टाकणं म्हणजे तहानलेल्याला भाकरी देणं. फेरस सल्फेट किंवा झिंक सल्फेट अर्ध्या टक्क्याने, म्हणजे दहा लिटरला ५० ग्रॅम, संध्याकाळी फवारा. जस्त दरवर्षी कमी पडत असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून पेरणीआधी द्या. ते डीएपी किंवा सुपर फॉस्फेटच्या ढिगात कालवू नका, स्फुरद आणि जस्त एकमेकांना धरून बसतात.

पोटॅश : "आपली जमीन काळी आहे" हे कुठवर चालतं

माझ्या मातीच्या अहवालात उपलब्ध पालाश हेक्टरी पाचशे किलोच्या वर होतं. हेक्टरी २८० च्या पुढे गेलं की अहवालावर 'जास्त' असा शेरा येतो. मग माझं चुकलं कुठे?

दादरचा कडबा आपल्याच गोठ्यात जातो आणि शेणातून रानात परत येतो. ज्वारीने उचललेलं पालाश दाण्यात थोडं, ताटात पुष्कळ असतं. जैवइंधनाला ताटच विकलं जातं. हेक्टरी चाळीस टन हिरवी ताटं बाहेर गेली की शंभर किलोच्या वर पालाश त्यांच्याबरोबर गेलं असं समजा. चिपाड बॉयलरमध्ये जळतं, त्यातलं पालाश राखेत उरतं आणि राख कारखान्यातच राहते. ऊसवाल्यांना हे नवीन नाही. पाच-सात वर्षं असंच चाललं तर अहवालावरचा शेरा बदलेल. शिवाय पालाश हे पानातली साखर कांडीपर्यंत वाहून नेण्याच्या आणि ताटाच्या ताठपणाच्या कामाचं आहे.

म्हणून माझं मत असं की काळ्या रानातही शिफारशीचं पालाश पूर्ण टाळू नये. अहवाल 'जास्त' म्हणत असेल तर निम्मं द्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड जमिनीत मात्र पूर्ण द्या. पोटॅशच्या किमतीचा प्रश्न आहे, कबूल. युरियाची गोणी अडीचशे-पावणेतीनशेत मिळते आणि पोटॅशला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. खिसा तिकडेच वळणार. मळीपासून बनवलेलं, पीडीएम नावाचं पालाश खत मिळालं तर बघा. त्यात पालाश साडेचौदा टक्के असतं, म्हणजे साध्या पोटॅशच्या साठ टक्क्यांच्या तुलनेत साधारण चौपट माल लागेल. किंमत लावताना हे धरा.

आता मी एकरी काय देतो

हेक्टरी शिफारशीचं एकरात रूपांतर केलं की ३२ ते ४० किलो नत्र, १६ ते २० स्फुरद, १६ ते २० पालाश. मी मधलं धरतो, ३६:१८:१८.

दहा-सव्वीस-सव्वीस हे मिश्र खत मिळालं तर ७० किलो. त्यात ७ किलो नत्र आणि १८-१८ स्फुरद-पालाश येतं. उरलेल्या २९ किलो नत्राला युरिया ६३ किलो. दहा-सव्वीस-सव्वीस नसेल तर सुपर सव्वादोन गोण्या, पोटॅश ३० किलो, युरिया पावणेदोन गोण्या. मला सुपर आवडतं, कारण त्यातून गंधक फुकटात मिळतं. गोण्या जास्त उचलाव्या लागतात म्हणून आमचा सालदार नाखूश असतो, तो भाग वेगळा.

स्फुरद, पालाश सगळं आणि निम्मं नत्र पेरताना, बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या दोन चाडी पाभरीने, बियाण्याच्या खाली किंवा बाजूला पडेल असं. युरिया बियाण्याला चिकटला तर उगवण मार खाते. उरलेलं निम्मं नत्र पंचवीस ते तीस दिवसांच्या दरम्यान, कोळपणीच्या वेळी, वाफशावर, ओळीच्या कडेने. लगेच माती झाकली गेली पाहिजे. ज्वारीची भूक त्यानंतरच खरी वाढते, झाडात खालून वर भराभर नत्र चढायला लागतं आणि खत तोवर मुळाशी हजर हवं. पस्तिसाव्या दिवसानंतर मी युरियाच्या गोणीला हात लावत नाही. हलक्या जमिनीत नत्र झिरपून जातं, तिथे तीन हप्ते करा, पण शेवटचा चाळिशीच्या पुढे नको. ठिबक असेल तरी हेच. नळी आहे म्हणून रोज काहीतरी सोडलंच पाहिजे असं नाही.

अंतर ६० बाय १५ सेंटीमीटर, एकरी सुमारे ४५ हजार झाडं. विरळणी करायला जीव होत नाही हे मला माहीत आहे, पण दाट ठेवलेली ज्वारी योग्य खतावरही बारीक होते आणि लोळते.

आधीचं पीक विचारात घ्या

दुसऱ्या हंगामात मी युरिया एका गोणीवर आणला आणि तरी ब्रिक्स तेरावर अडकला. कारण रान केळीचं होतं. केळीला वर्षभर दिलेल्या खतातलं बरंच तिथेच होतं, शिवाय खुंट कापून तिथेच कुजवलेले. केळीनंतर गोड ज्वारी घेत असाल तर माती तपासूनच पेरा. माझ्या रानात नंतर कोळपणीचा युरिया मी पूर्ण गाळला आणि पीक कुठेही मागे पडलं नाही.

कपाशीचं रान याच्या उलट. पऱ्हाट्या यंत्राने बारीक करून मातीत गाडल्या असतील तर त्या कुजवणारे जिवाणू पहिला महिनाभर नत्र स्वतःच खातात. अशा रानात पेरणीचा हप्ता अजिबात कमी करू नका. हरभऱ्याच्या रानात थोडा हात आखडता चालतो.

तिसऱ्या हंगामात मी एकाच रानात तीन पट्टे केले. पहिल्यात वरचं ३६:१८:१८. दुसऱ्यात तेच अधिक पोटरीत एक गोणी युरिया. तिसऱ्यात पोटॅशविना. एकाच दिवशी घेतलेले ब्रिक्स सोळा, तेरा आणि पंधरा. तिसऱ्या पट्ट्यात गोडीचा फरक थोडाच होता, पण सप्टेंबरच्या वादळी पावसात लोळला तो जास्त. एका शेताची, एका वर्षाची गोष्ट आहे ही, तुमच्या रानात आकडे हलतील.

वजनाने भुलू नका. समजा, जादा युरियाने १२ टन ताट आलं आणि ब्रिक्स १२. शंभराला चाळीस रस धरला तर ४.८ टन रस, त्यात ५७६ किलो घन पदार्थ. नेमक्या खताने १० टन आलं आणि ब्रिक्स १६, तर ४ टन रसात ६४० किलो. दोन टन कमी तोडून, कमी वाहून साखर जास्त.

गोठ्यासाठी एक इशारा

तोडणीनंतर खोडवा फुटतो, कोवळा, लुसलुशीत. जास्त नत्र खाल्लेल्या आणि पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत किराळ, म्हणजे जनावराला मारणारं विष, जोरात असतो. त्यात गाय-म्हैस सोडली तर तासाभरात जनावर हातचं जातं. तोडणी झाली म्हणून कुंपण उघडं टाकू नका. फुटवे कमरेच्या वर जाईपर्यंत दावं सोडायचं नाही, आणि जनावर थरथरायला लागलं तर घरगुती उपाय शोधत बसण्यापेक्षा डॉक्टरला पहिला फोन.

एवढं करूनही बाराच येत असेल तर

बियाणं तपासा. राहुरीच्या विद्यापीठाची फुले अमृता, संकरित सीएसएच २२ एसएस, फलटणच्या निंबकर संस्थेची मधुरा, या खास गोडीसाठी निवडलेल्या ज्वारी आहेत. चाऱ्याची उंच ज्वारी 'गोड' म्हणून गळ्यात मारली गेली असेल तर कोणतंही खत तिला सोळावर नेणार नाही. रब्बीत पेरली असेल तर वाढच कमी होते; आमच्याकडे या पिकाचा खरा हंगाम खरीप.

शेवटचं, आणि हे खरं तर पेरणीआधी विचारायचं. कारखाना पैसे टनावर देतो की गोडीवर? २०१८ च्या जैवइंधन धोरणात इथेनॉलसाठी गोड ज्वारीचं नाव आहे, पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळण्याचं उद्दिष्टही २०३० वरून २०२५-२६ वर आलं, पण तुमच्या पावतीवर काय छापलंय ते वेगळं. पहिल्या वर्षी माझा करार नुसत्या टनाचा होता. तेव्हा तिसऱ्या गोणीने माझं नुकसान झालं ते लोळलेल्या रानाच्या तोडणीत; मजुरांनी दुप्पट दर लावला. यंदाच्या करारात ब्रिक्स चौदाच्या खाली गेला तर कपात आहे. ठिबकच्या टाकीशेजारी युरियाची एक गोणी अजून पडून आहे, ती कपाशीला जाईल.